बलुतें गेलें, पण भीड राहिली

आमच्या ओळखीच्या एका सुताराच्या मुलानें तालुक्याच्या गांवीं मोटरी भरण्याचें दुकान घातलें. पोरगा कामाला वाकबगार. शहरांतल्या एका वर्कशॉपमध्यें चार वर्षें हेंच काम करून हात बसलेला. विहिरीवरची मोटर असो कीं बोअरमधली, जळक्या तारेचा वास घेऊन दोष मोटरींत आहे कीं स्टार्टरमध्यें, तें सांगणारा. पहिल्या महिन्यापासून दुकानापुढें जळक्या मोटरींची रांग लागली. आम्ही येतां-जातां ती रांग पाहत होतों आणि मनांत म्हणत होतों, पोरानें बापाचे पांग फेडले. अकराव्या महिन्यांत त्या दुकानाला कुलूप लागलें!

आम्ही चौकशीस त्याच्या घरीं गेलों. त्यानें कांहीं न बोलतां एक वही पुढें ठेवली. तींत ६३ नांवें होतीं आणि १,४०,००० रुपयांची उधारी होती. त्या नांवांत पाटील होते, पुढारी होते, मास्तर होते, सोसायटीचे चेअरमन होते. आमच्या भावकींतील चौघे होते. आणि एक नांव आमच्याच घरचें होतें. उन्हाळ्यांत आमच्या विहिरीवरची मोटर त्यानें रात्रीं दोन वाजतां बसवून दिली होती. त्याचे २,२०० रुपये "देऊं कीं, कोठें पळून जातों" असें म्हणतां म्हणतां राहिले, ते राहिलेच. आम्हीं ते त्याच दिवशीं फेडले. पण आमच्या २,२०० रुपयांनीं कुलूप उघडलें नाहीं. म्हणून हा लेख लिहावा लागत आहे. आणि यांत दुसऱ्यांना जो बोल लावूं, त्यांतला पहिला आमच्या वांट्याचा आहे, हें आधींच सांगून ठेवतों.

वाचकहो, हें दुकान काम नव्हतें म्हणून बुडालें नाहीं. काम डोक्यावरून जात असतांना तें बुडालें. कारागिराला मागायची लाज वाटली आणि शेतकऱ्याला द्यायची घाई वाटली नाहीं, एवढेंच त्याचें कारण. आमच्या जुन्या लोकांनीं एक म्हण करून ठेवली आहे, भीड ही भिकेची बहीण. ज्याला हाताच्या कसबावर धंदा करावयाचा आहे, त्याचें पहिलें वर्ष या बहिणीशीं झगडण्यांतच जातें. जो त्या वर्षांत तिला घराबाहेर काढतो तो टिकतो. जो तिला ओसरीवर बसूं देतो त्याचें दुकान जातें.

ही भीड आली कोठून? ती बलुत्यांतून आली. गांवगाड्यांत सुतार, लोहार, चांभार, कुंभार, न्हावी, परीट वर्षभर राबत. नांगराचा फाळ मोडला तर लोहारानें तो त्याच दिवशीं शेवटून द्यावयाचा. मजुरीचा प्रश्न त्या दिवशीं निघत नसे. सुगी आली कीं खळ्यावर जावयाचें आणि मालक घालील तेवढें धान्य पदर पसरून घ्यावयाचें. कोणी म्हणतात, त्यांत कारागिराला वर्षाची बेगमी होती. होती, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण माप कोणाच्या हातांत होतें? ज्यानें काम करून घेतलें त्याच्याच! काम करणारा आपल्या कामाचें मोल स्वतः कधीं बोलला नाहीं. तें मोल खळ्याचा धनी बोलत असे, आणि दुष्काळ पडला कीं तेंही बोलत नसे.

आतां खळें गेलें. मळणी यंत्रानें होते, माल रस्त्यावरून थेट बाजारांत जातो. कारागिराला तार, बेअरिंग, व्हार्निश, साबण, ब्लेड, सुतार असेल तर प्लायवूड, हें सारें रोखीनें आणावें लागतें. दुकानगाळ्याचा मालक सुगीची वाट पाहत नाहीं. विजेचें बिल सुगीची वाट पाहत नाहीं. कारागिराचा सगळा खर्च महिन्याच्या महिन्याला रोख झाला. त्याची मजुरी तेवढी अजून खळ्यावर बसली आहे. बलुतें गेलें, बलुत्यांतलें धान्य गेलें, पण मनांतलें बलुतें गेलें नाहीं. अर्धें जुनें आणि अर्धें नवें अशा या दुकानदारींत कारागीर दोन्हीकडून भरडला जातो.

हाताच्या कामाचा धंदा आणि मालाचा धंदा यांत एक मोठा फरक आहे, तो पहिल्या दिवशींच समजून घेतला पाहिजे. किराणा दुकानदाराची साखर आज विकली गेली नाहीं तर ती उद्यां विकली जाते. पण मोटर भरणाराचा, केस कापणाराचा, कपडे शिवणाराचा, नळ जोडणाराचा जो दिवस रिकामा गेला, तो गेलाच. तो दिवस पोत्यांत भरून ठेवतां येत नाहीं. आपण विकतों तो आपला दिवस विकतों. मग त्या एका दिवसाचें मोल किती, हें ज्याला ठाऊक नाहीं, त्यानें दुकानावर पाटी लावूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

हें मोल काढावें कसें? शेजारचा काय घेतो तें विचारून नव्हे. आपला खर्च मांडून. समजा, गाळ्याचें भाडें ३,००० रुपये, वीज १,०००, हाताखालच्या पोराचा पगार ९,०००, गाडीचें पेट्रोल २,००० आणि हत्यारांची झीज व मोडतोड १,०००. दुकानाचा महिन्याचा खर्च १६,००० झाला. घराला पीठमीठ, औषधपाणी, पोरांच्या वह्यापुस्तकांसह १४,००० लागतात असें धरा. एकूण ३०,०००. आतां महिन्याचे दिवस तीस असले तरी पैशाचे दिवस तीस नसतात. बाजाराचा दिवस, माल आणायला शहरांत गेलेला दिवस, लग्नाचा, मर्तिकाचा, आजारपणाचा दिवस वजा करा. हातीं वीस दिवस राहिले तर पुष्कळ. त्या वीस दिवसांत रोज एक मोटर भरून मजुरी ८०० रुपये घेतली, तर महिन्याचे १६,००० झाले. म्हणजे दुकान जगलें आणि घर उपाशीं राहिलें! आमच्या त्या सुताराच्या पोराचें नेमकें हेंच झालें. तो आठशें रुपये घेत होता, कारण शेजारचा आठशें घेत होता. आणि शेजारच्याचा गाळा स्वतःचा होता, शिवाय घरीं सहा एकर बागायत होतें.

एवढ्यानें हिशेब संपत नाहीं. प्रत्येक धंद्याला त्याचा उन्हाळा-पावसाळा असतो. मोटरी जळतात त्या पाण्याच्या ओढीच्या दिवसांत, दिवाळीपासून मृगापर्यंत. पाऊस लागला कीं चार महिने विहिरीकडे कोणी फिरकत नाहीं. शिंप्याचें काम सणाला आणि लग्नसराईला, मंडपवाल्याचें लग्नाच्या तिथींना. तेव्हां हिशेब महिन्याचा न करतां वर्षाचा केला पाहिजे. वरील उदाहरणांत वर्षाचा खर्च ३,६०,००० रुपये होतो. आठ महिने वीस दिवसांप्रमाणें १६० दिवस, आणि पावसाळ्याचे चार महिने दहा दिवसांप्रमाणें ४० दिवस, मिळून २०० दिवस पैशाचे. ३,६०,००० ला २०० नें भागलें तर एका दिवसाची मजुरी १,८०० रुपये पडली पाहिजे, आणि तीही मालाचे पैसे वेगळे धरून. ती एका मोटरीवर पडो कीं दोन मोटरींवर, पण दिवसाकाठीं पडलीच पाहिजे. हा आंकडा प्रत्येकाचा निराळा येईल. परंतु तो काढल्यावांचून जो भाव सांगतो, तो डोळे मिटून नदींत पाय घालतो.

आतां या आंकड्याच्या उजेडांत उधारीकडे पाहा. एका मोटरीचें बिल ४,५०० रुपये झालें. त्यांत तार वगैरे माल २,७०० चा आणि मजुरी १,८०० ची. गिऱ्हाईक म्हणालें, "उसाचें बिल आलें कीं देतों." आणि तें बिल येऊन, खर्चून, दुसरा ऊस लागला तरी पैसे आले नाहींत. कारागिराचें काय गेलें? त्याचा एक दिवस गेला, हें उघडच आहे. पण मालाचे २,७०० रुपये त्यानें पदरचे घातले होते. ते भरून काढायला १,८०० रुपये मजुरीचे आणखी दीड दिवस त्यानें फुकट राबलें पाहिजे. म्हणजे एका बुडीत उधारीनें त्याचे अडीच दिवस खाल्ले. वर्षांत अशीं वीस गिऱ्हाइकें भेटलीं कीं पन्नास दिवस गेले. पैशाच्या दोनशें दिवसांतले पन्नास! उधारीचें पोतें सव्वा हात रितें म्हणतात; येथें तर पोत्याचा चौथा हिस्साच रिता झाला.

मग उधारी अगदींच बंद करावी काय? असें सांगणारे शहाणे शहरांत पुष्कळ आहेत. त्यांना आमच्या शेतकऱ्याच्या हातांत पैसा वर्षांतून किती वेळां येतो हें ठाऊक नाहीं. ज्याच्या घरीं दूध आहे त्याला आठवड्याला किंवा दहा दिवसांनीं पैसा दिसतो. ज्याच्याकडे नुसता ऊस किंवा कापूस आहे त्याला वर्षांतून एक-दोन वेळांच. त्याची मोटर ऐन उन्हाळ्यांत जळली आणि कारागीर म्हणाला, "आधीं साडेचार हजार टाका", तर त्या शेतकऱ्याचें उभें पीक वाळेल. हें आम्हांला मान्य नाहीं. शेतकरी बुडून कारागीर तरत नाहीं.

यासाठीं आम्ही एक मधला मार्ग सुचवितों. मालाचे पैसे रोख, मजुरी तारखेची, आणि दोन्ही वहींत. काम हातीं घेण्याआधीं मालाचा खर्च सांगावा आणि तो आधीं घ्यावा. एवढे पैसे बहुतेक घरांतून निघतात. घरांत नसले तर पाव्हण्याकडून येतात. मजुरी राहिली तर ती "सुगीला" राहूं नये, तारखेला राहावी. अमुक महिन्याची अमुक तारीख, वहींत लिहिलेली, गिऱ्हाइकाच्या सहीची. तारीख बोलली गेली म्हणजे निम्मी भीड संपली. त्या दिवशीं मागायला जाणें ही आगळीक नव्हे. न जाणें हीच आगळीक. आणि पहिली तारीख ज्यानें चुकविली, त्याचें दुसरें काम रोखीनेंच. मग तो पाटील असो, मामा असो कीं आम्ही असूं.

काम झाल्यावर पैसे मागूं असें म्हणणाराला आम्ही आणखी एका म्हणीची आठवण देतों: गरज सरो, वैद्य मरो. मोटर बंद असते तेव्हां शेतकरी कारागिराच्या दारांत तीन वेळां येतो. मोटर चालू झाली कीं त्याचा फोनसुद्धां लागत नाहीं. यांत शेतकऱ्याचा दुष्टावा नाहीं. मनुष्यस्वभावच तसा आहे. म्हणून पैशाचें बोलणें गरज उभी असतांना झालें पाहिजे, सरल्यावर नव्हे.

आतां दोन शब्द शेतकरी बंधूंना. बंधूंनो, साखर कारखान्यानें ऊस घेतल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावेत आणि उशीर झाल्यास वर्षाला १५ टक्के व्याज द्यावें, असा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाचा दंडक आहे. तो पाळला गेला नाहीं कीं आपण रस्त्यावर बसतों, ट्रॅक्टर अडवितों, मोर्चे काढतों. आणि तें रास्तच आहे. आपल्या घामाचे पैसे दुसऱ्यानें वापरावे आणि आपण सोसायटीच्या दारांत हात जोडून उभें राहावें, हा अन्याय आहे. पण मग मोटर भरणाराच्या घामाचे पैसे आपण आठ-आठ महिने वापरतों, तें काय? कारखान्याला लागूं असलेला न्याय आपल्या ओट्यावर आला कीं कोठें जातो? जो स्वतःच्या १४ दिवसांसाठीं भांडतो, त्यानें दुसऱ्याला १४ महिने बसवूं नये. वरच्यानें आम्हांस नाडलें असें ओरडत आपणच खालच्याला नाडावयाचें, ही सवय मोडल्यावांचून आपल्या कोणत्याही गाऱ्हाण्याला धार येणार नाहीं.

वहीबद्दल थोडें अधिक लिहिणें जरूर आहे. १८७५ सालीं पुणें जिल्ह्यांत सुपें येथें शेतकऱ्यांनीं दंगा केला, तेव्हां त्यांचा राग सावकाराच्या खतांवर आणि वह्यांवर होता. ते कागद त्यांनीं हिसकावून जाळले. कां? कारण त्या कागदांत काय लिहिलें आहे हें त्यांना वाचतां येत नव्हतें. लिहिणारा दुसरा आणि आंगठा यांचा. त्या गोष्टीस दीडशें वर्षें होऊन गेलीं. आतां आपल्या पोरांना लिहितां-वाचतां येतें. खिशांत मोबाईल आहे. तरीही आपल्या दुकानांत वही नसते! असली तर तींत फक्त येणें लिहिलेलें असतें. गेलें किती, हें नसतें. जोतीराव फुले स्वतः ठेकेदारीचा धंदा करीत होते, हें त्यांचें नांव घेणारांनीं विसरूं नये. हिशेब ही शेटजींची मिरास नव्हे. पूर्वजांनीं दुसऱ्याची वही जाळली. आपल्याला आपली वही लिहावयाची आहे.

ही वही साधी असावी. रोज रात्रीं जेवणाआधीं चार रकाने भरावे: आज काय काम केलें; माल किती लागला; पैसे किती आले; किती राहिले व कोणत्या तारखेस येणार. मोबाईलवर आलेले पैसेही त्यांतच लिहावे. दुकानाचा पैसा आणि घराचा पैसा एका खिशांत ठेवूं नये. बँकेंत दुकानाचें खातें वेगळें काढावें आणि घरखर्चासाठीं ठरलेली रक्कम महिन्याच्या एका तारखेस पगारासारखी उचलावी. खिशांत आले ते सारे पैसे आपलेच, असें पहिल्या वर्षीं वाटतें. त्यांत निम्मे तारवाल्याचे असतात, हें तारवाला दारांत आल्यावर कळतें!

येथें आणखी एक गोष्ट बोलल्यावांचून राहवत नाहीं. बहुतेक दुकानांत नवरा काम करतो आणि गिऱ्हाइकाचे फोन घेणें, निरोप देणें, वही लिहिणें, उधारीची आठवण करणें हें बायको करते. तिचें नांव पाटीवर नसतें, तिची मजुरी हिशेबांत नसते. घरांत बसून तिला काय कळतें, असें म्हणणारे आम्हीं पाहिले आहेत. आणि त्याच घरांत उधारी वसूल होते ती तिच्या आठवणीनें, हेंही पाहिलें आहे. तिच्या दिवसाचें मोल खर्चाच्या रकान्यांत धरलें नाहीं तर तुमचा भाव खोटा आहे. जो आपल्याच घरांतलें फुकटचें बलुतें बंद करीत नाहीं, त्यानें गांवाकडे बलुत्याविरुद्ध तक्रार करूं नये.

दुकान केव्हां उघडावें? पंचांगांतला मुहूर्त पाहूं नका. गिऱ्हाइकाच्या गरजेचा मुहूर्त पाहा. मोटरीचें दुकान आषाढांत उघडलें तर पहिले चार महिने भाडेंच भरावें लागेल. तें दिवाळीच्या आगेमागें उघडावें. आणि उघडण्याच्या दिवशीं जेवणावळ, फ्लेक्स, फटाके आणि पुढाऱ्याच्या हातची फीत यांत वीस-पंचवीस हजार घालविणारे लोक आम्हीं पाहिले आहेत. त्याच पैशांत भाड्याचे कित्येक महिने निघाले असते! पुढारी फीत कापून जातो. पुढें त्याचीच मोटर उधारीवर येते. निदान चार महिन्यांचा दुकानाचा आणि घराचा खर्च हाताशीं असल्याखेरीज चालती नोकरी सोडूं नये. तेवढा नसेल तर आणखी एक वर्ष दुसऱ्याच्या दुकानांत काम करावें. त्यांत कमीपणा नाहीं, शिकणें आहे.

कर्जाबद्दल आमचें म्हणणें असें कीं, कर्ज हत्याराला काढावें. उधारी सोसायला आणि घर चालवायला काढूं नये. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट, शिंपी, गवंडी अशा १८ व्यवसायांसाठीं केंद्र सरकारनें १७ सप्टेंबर २०२३ रोजीं विश्वकर्मा योजना सुरू केली. तींत पहिलें कर्ज एक लाखापर्यंत, पांच टक्के व्याजानें, तारणावांचून आणि १८ महिन्यांत फेडावयाचें असें ठरलें. व्याज हलकें आहे, यांत शंका नाहीं. परंतु एक लाख काढले तर महिन्याचा हप्ता सुमारें पावणेसहा हजार पडतो. वरच्या उदाहरणांतल्या कारागिरावर तो पडला तर त्याच्या दिवसाच्या मजुरींत आणखी साडेतीनशें रुपयांची भर पडली पाहिजे. ही भर पडणार असेल तर कर्ज घ्या. नसेल तर स्वस्त कर्जही महागच. सावकाराच्या दारांत तर जाऊंच नका. परवान्यावांचून व्याजबट्टा करणें हा महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्यानें गुन्हा ठरविला आहे, तरी गुपचूप व्याजानें पैसे देणारे गांवोगांव आहेत.

कागदपत्रांची भीति दाखवून पैसे उकळणारे दलालही पहिल्या वर्षींच दारांत येतात. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते. तिच्यासाठीं कोणी हजार रुपये मागितले तर त्याला दार दाखवा. ही नोंदणी असली म्हणजे एक हत्यार हातीं येतें. कारखाना, संस्था किंवा कंपनी यांचें काम केलें आणि त्यांनीं पैसे अडकविले, तर २००६ च्या लघुउद्योगांच्या कायद्यानें लहान कारागिराला जास्तींत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत; उशीर झाला तर त्यांना जबर व्याज लागूं होतें. जीएसटीचा बागुलबुवाही असाच. केवळ सेवा देणाराची वर्षाची एकूण उलाढाल महाराष्ट्रांत २० लाखांच्या आंत असेल, तर सामान्यतः त्याला नोंदणीची सक्ति नाहीं. हें ठाऊक असलें म्हणजे दलालाचें तोंड आपोआप बंद होतें.

गिऱ्हाईक कोठून आणावें? पहिल्या वर्षीं माणूस नात्यांत आणि जातींत गिऱ्हाईक शोधतो. तें सोपें असतें, पण तेथेंच भीड सर्वांत जास्त असते. वरच्या ६३ नांवांत परक्यांची नांवें थोडीं आणि जवळच्यांचीं फार होतीं. उलट बाजूनें जातीमुळें गिऱ्हाईक तुटतें, हेंही खरें आहे. १९२० च्या आगेमागें कोल्हापुरांत गंगाराम कांबळे यांनीं चहाचें हॉटेल घातलें, तेव्हां त्यांना अस्पृश्य म्हणणारे लोक त्यांच्या हातचा चहा पिईनात. शाहू महाराज स्वतः तेथें गाडी थांबवून चहा पीत आणि बरोबरच्या बड्या मंडळींनाही पाजीत. यांत शिकण्यासारखें पुष्कळ आहे. कष्टकऱ्याला उभें करावयाचें तर भांडवलाइतकीच मोठी मदत गिऱ्हाइकीची असते. महाराजांची गाडी आपल्याजवळ नाहीं. पण त्या नव्या पोराच्या दुकानांत जाऊन, काम करून घेऊन, उठतांना पैसे देऊन येणें हें कोणालाही करतां येण्यासारखें आहे.

कारागिरांनींही आपल्याकडचें माप नीट ठेवलें पाहिजे. "उद्यां देतों" म्हणून चार दिवस हेलपाटे घालायला लावणें, जुनी तार वापरून नवीचे पैसे घेणें, पुन्हां जळालेली मोटर नाकारणें, हें करणाराला रोख मागण्याचा अधिकार उरत नाहीं. शब्द पाळावा. मोटर कां जळली तें शेतकऱ्याला समजावून सांगावें: एक फेज गेली होती कीं दाब कमी होता, स्टार्टर बदलावा लागेल कीं काय. त्यामुळें पुढचें काम कमी होईल, अशी धास्ती बाळगूं नये. ज्यानें शेतकऱ्याची मोटर वांचविली, त्याच्याकडे तो दहा माणसें पाठवितो. आणि शेजारच्यापेक्षां पन्नास रुपये कमी घेऊन त्याचें गिऱ्हाईक फोडूं नये. आज तुम्ही पन्नास उतरवाल, उद्यां तो शंभर उतरवील. शेवटीं दोघांच्याही दारांत कुलूप. एका पेठेंतल्या कारागिरांनीं एकत्र बसून मजुरीचा किमान हिशेब मांडावा आणि बुडव्या गिऱ्हाइकांची माहिती एकमेकांस द्यावी. एकेकट्याला जी भीड वाटते, ती दहाजण बसले कीं वाटत नाहीं.

तो सुताराचा पोरगा हल्लीं दुसऱ्याच्या दुकानांत पगारावर काम करीत आहे. परवां भेटला तेव्हां म्हणाला, "काका, पुन्हां दुकान टाकणार, पण या खेपेस पाटीच्या आधीं वही." आम्हांला बरें वाटलें. हात त्याचा पहिल्यापासूनच चांगला होता. आतां तोंडही उघडूं लागलें आहे.

पण त्यानें कितीही वही लिहिली तरी तिच्या दुसऱ्या बाजूला आपण आहों. म्हणून वाचकांस एवढीच विनंती आहे. आज रात्रीं जेवायला बसण्याआधीं आठवून पाहा: शिंप्याचे, मोटरवाल्याचे, सुताराचे, गवंड्याचे, केस कापणाराचे आपल्या घराकडून किती येणें आहे? रक्कम आठवली कीं ती पोराच्या हातीं उद्यां सकाळींच पाठवून द्या. आमच्यासारखें कुलूप लागल्यावर जाऊं नका.